निरी टाकी

सेवकराम शहारेबद्दल एक-दोन पानं लिहून द्या, असं गुंजन म्हणाली. शहर पायी बघायला येणाऱ्या लोकांना तिला ती वाटायची आहेत. "सर, चांगलं लिहा," म्हणाली, आणि थोडं थांबून, "म्हणजे, खरं लिहा." चौतीस वर्षं मी इतिहास शिकवला. लिहिणाऱ्यानं आधी आपली बाजू सांगून टाकावी, असं मुलांना बजावत आलो. तेव्हा सांगून टाकतो. मला या माणसाचा हेवा वाटत आलेला आहे. थोडाथोडका नाही. रविवारी सकाळी समोरचे पोहे घशाखाली उतरू नयेत, इतका.

सेवकराम मूळचा दवनीवाड्याचा. वडील दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, राबायचे. ते लवकर गेले, तेव्हा आई त्याला घेऊन गोंदियाला आली आणि बिड्या वळू लागली. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. मग भात गिरणीत पोती उचलणं, स्टेशनवर हमाली, एका कापडवाल्याचे निरोप सायकलवरून पोचवणं, असं करत करत अठ्ठ्याहत्तर साली तो आमच्या हायस्कूलमध्ये शिपाई म्हणून लागला. मी तिथं दोन वर्षं आधी लागलो होतो. वयानं तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी पहिल्या दिवसापासून मी त्याला "अरे सेवक" म्हणत आलो आणि तो मला "जी सर". यात काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा कोणाला वाटलं नाही, मला तर नाहीच.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, रुळाचा हातभर तुकडा. तो आठवी 'अ'च्या दाराबाहेर कडुनिंबाला टांगलेला होता. दिवसाचा शेवटचा तास माझा असे. सेवकराम पाच-सात मिनिटं आधीच लोखंडी दांडा घेऊन दाराशी येई आणि आत काय चाललं आहे ते ऐकत उभा राही. एखादी लढाई अर्धी राहिली असेल तर घंटा दोन मिनिटं उशिरा पडायची. मुख्याध्यापक त्याला झापायचे. तो म्हणे, "घड्यार मागं होतं जी." मला वाटे, कामचुकार आहे.

त्याच्या तोंडी आमच्या झाडीपट्टीची बोली. फळ्याला फरा म्हणे, तळ्याला तरा, काळ्याला कारा. मी घरात पोवारी बोलतो, पण वर्गात माझं मराठी असं, की पुण्याच्या माणसानंही चूक काढू नये. "फरा पुसला जी," अशी त्याची नक्कल मी मुलांपुढं करी. मुलं हसत. दारात उभा राहून तोही हसे.

नव्व्याण्णव साली, एक मेला, भंडाऱ्यातून निघून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्या हिवाळ्यात मी आठवी 'अ'ची पायी सहल काढली. नाव दिलं 'आपला नवा जिल्हा'. स्टेशन, बाजार, गिरण्या, आणि शेवटी शहराबाहेरचा मामा तलाव. सेवकराम सायकलला पाण्याचे डबे लटकवून मागोमाग येत होता. त्या सहलीतलं मला पुढं एवढंच आठवत होतं, की परतताना एका पोराची चप्पल तुटली आणि त्याला सेवकरामनं सायकलवर बसवलं.

दोन हजार दहाला आम्ही एकाच दिवशी निवृत्त झालो. मास्तर अठ्ठावन्नला, शिपाई साठला, म्हणून योग जुळून आला. एकच समारंभ, एकसारख्या दोन शाली. माझ्यावर तीन भाषणं झाली. सेवकरामवर कोणी बोललं नाही, त्याला फक्त दिवसाची शेवटची घंटा द्यायला सांगितली. त्यानं दांडा मारला आणि पोरी रडायला लागल्या. बघता बघता सगळी शाळा त्या कडुनिंबाखाली गोळा झाली. मी गळ्यात हार आणि मांडीवर शाल घेऊन मंडपातल्या खुर्चीवर बसून होतो. बाजूला निर्मला, म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "जा ना तुम्हीपण तिकडं." मी शालीची घडी पुन्हा घालत बसलो; हेवा सुरू झाला तो त्या दिवशी.

आता गुंजनबद्दल. ती माझीच विद्यार्थिनी, नव्व्याण्णवच्या त्याच आठवी 'अ'मधली. शिकायला पुण्याला गेली, तिथं नोकरी केली आणि अकरा साली वडिलांचं धान्याचं दुकान सांभाळायला परत आली. पुण्यात तिनं पाहिलं होतं, की पंधरा-वीस माणसं रविवारी सकाळी जमतात, एक माहीतगार माणूस त्यांना जुन्या गल्ल्यांतून पायी फिरवतो, आणि शहर दाखवतो. तसं गोंदियात करायचं तिच्या मनात आलं. ती सरळ माझ्याकडं आली. "सर, तुमच्याशिवाय कोण?" असं म्हणाली. मला आतून उकळ्या फुटल्या, पण चेहरा गंभीर ठेवला. माझ्याकडं नव्वद पानांची फाईल तयार होती, 'गोंदिया : उगम आणि विकास'. शहराचा माहीतगार म्हणून लोकांनी माझं नाव घ्यावं, याच्यापलीकडं मला आयुष्यात फारसं काही नको होतं. आजही नको आहे.

पहिल्या रविवारी चौदा माणसं आली. मी सेवकरामला पाण्याच्या बाटल्या धरायला आणि गल्ल्यांमधले जवळचे रस्ते दाखवायला बोलावून घेतलं होतं. स्टेशनसमोर उभं राहून मी फाईल उघडली. रेल्वे कधी आली, कोणत्या साली कुठवर पोचली, छोटी लाईन कशी निघाली, सगळं क्रमानं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा ऊन चढलं होतं आणि माणसं नऊ उरली होती. जयस्तंभ चौकापर्यंत सहा. मालगुजारी पद्धत अर्ध्यावर आली असताना एका बँकवाल्यानं विचारलं, "सर, इधर चाय कहाँ अच्छी मिलती है?" तलावापर्यंत आम्ही पोचलोच नाही. माझ्याबरोबर गुंजन आणि सेवकराम एवढेच उरले होते, आणि बाटल्या सगळ्या भरलेल्या.

पुढच्या रविवारी मला आमगावला एका तेरवीला जावं लागलं. मी गुंजनला म्हणालो, "सेवकला ने. रस्ता दाखवेल. पण त्याला बोलू देऊ नकोस, भलतंच काहीतरी सांगेल."

सोमवारी तिचा फोन आला. "सर, लोक विचारतात, पुढच्या रविवारी शहारे काकाच येणार ना?"

हा माणूस करतो काय, ते मी नंतर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. त्याच्याकडं फाईल नाही, तारीख नाही. त्याच्याकडं एकच शब्द आहे, 'काऊन', म्हणजे 'का'. बाजारातल्या एका गल्लीच्या कोपऱ्यावर तो पंधरा माणसांना थांबवतो आणि म्हणतो, "या घराचा कोपरा छाटला आहे. सांगा काऊन?" कोणी म्हणतं वास्तुशास्त्र, कोणी म्हणतं भावाभावांचं भांडण. मग तो त्यांना खाली बसवतो आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर दगडात पडलेले घासल्याचे ओरखडे दाखवतो. धानानं भरलेली बैलगाडी इथं वळायची नाही, चाकाचा तुंबा, म्हणजे मधला बाहेर आलेला भाग, भिंतीला घासायचा, शेवटी घरमालकानं कंटाळून कोपरा छाटला. माणसं त्या ओरखड्यांवरून बोटं फिरवतात. गिरणीजवळ तो सगळ्यांना डोळे मिटायला लावतो आणि वासावरून ओळखायला सांगतो, आज कच्चा तांदूळ की उसना, म्हणजे उकडा. बिडीच्या जुन्या गोदामापाशी खिशातून तेंदूचं पान काढतो आणि आई वळायची तशी बिडी वळून दाखवतो. कोणी सन विचारला तर म्हणतो, "थे रहांगडाले सरायले विचारा."

रहांगडाले सर म्हणजे मी, आणि याचाही मला संताप यायचा. गोष्टी याच्या आणि हिशेब माझ्याकडं, मी काय याचा मुनीम आहे?

गुंजननं माझं मन राखायला दोन-तीनदा विचारलं, "सर, एक रविवार तुम्ही, एक रविवार काका, असं करू या?" मी म्हणालो, माझी पाठ दुखते. पाठ दुखत नव्हती. माझ्या रविवारी सहा आणि त्याच्या रविवारी पंधरा, हे मला बघायचं नव्हतं. पंधराहून जास्त ती घेतच नसे, नाहीतर मागच्याला ऐकू जात नाही. पुढं पुढं लोक तीन-तीन आठवडे आधी नाव देऊ लागले. एका वर्तमानपत्रात सेवकरामचा फोटो आला, चष्मा कपाळावर, हातात तेंदूचं पान. गोरेलाल चौकातल्या ज्या पानवाल्यानं मला पंचवीस वर्षं "नमस्कार सर" केला, तो म्हणाला, "सर, वो शहारे काका आपके स्कूल में थे ना?" माझी ओळख आता अशी उरली होती. मी त्या पानवाल्याकडं जाणं बंद केलं आणि दूरच्या चौकातून पान आणू लागलो.

माणसानं बाहेरच्यांचं सोसावं. पण एका रविवारी निर्मला सकाळीच नवं लुगडं नेसून बाहेर पडली आणि साडेदहाला लाल तोंडानं, खुशीत परत आली. मी विचारलं, कुठं गेली होतीस? म्हणाली, "फिरायला गेलती, सेवकभाऊच्या संगं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बत्तीस वर्षं मी या बाईला गोंदियाचा इतिहास सांगायचा प्रयत्न करत होतो आणि ती दर वेळी निवडायला तांदूळ घेऊन बसायची.

"अहो, ऐका तर," ती म्हणाली, "तिकडं तलावावर शेवटी तो काय म्हणतो, माहीत आहे का?"

"मला त्याचं काही ऐकायचं नाही."

"तुमच्या..."

"निर्मला, नाही म्हणालो ना एकदा!"

ती आत गेली आणि तिनं कढईवर झाकण जरा जोरातच ठेवलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

आमचं घर शहराच्या टोकाला, नव्या वस्तीत आहे. गच्चीवरून मामा तलावाची पाळ समोर दिसते. मध्ये नुसत्या बांध्या. रविवारी नवाच्या सुमाराला मी कपडे वाळत घालण्याच्या निमित्तानं वर जाऊ लागलो. पाण्याच्या टाकीआड उभा राहून बघायचो. पाळीवर माणसं येऊन उभी राहायची, सेवकराम हातवारे करायचा. आणि शेवटी दर वेळी एक गोष्ट घडायची. सेवकराम हात उचलून आमच्या घराकडं बोट दाखवायचा, सगळी माणसं वळायची, आणि मग सगळ्यांचे हात वर व्हायचे. हसण्याचा आवाज बांध्यांवरून इथपर्यंत यायचा. मी टाकीमागं खाली बसायचो.

तो माझी नक्कल करतो, याबद्दल मला शंका उरली नाही. मी त्याची आयुष्यभर केली होती. "ते बघा, तिथं तो फाईलवाला राहतो, ज्याच्यासमोरून चौदा माणसं पळाली." दोन वर्षं मी हे गृहीत धरून चाललो. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गच्चीवरून बघतो हे कळलं असतं.

मग त्या मामा तलावाचं कानावर आलं. एक जुना विद्यार्थी भेटला, म्हणाला, "सर, काका मामाची गोष्ट काय सांगतात! माझी आई रडली." मी विचारलं, कोणता मामा? म्हणाला, तलाव खोदणारा. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सापडला, म्हटलं. हा आता सापडला.

कारण या नावामागचं खरं मला ठाऊक होतं. दोन हजार चारला कुठल्याशा सरकारी कागदात मी ते वाचलं होतं. आमच्या भागात जुन्या मालगुजारांनी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, खोदलेले तलाव गावोगाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणू लागले. कारकुनांनी त्याचं केलं 'मा. मा. तलाव'. लोकांनी बोर्ड वाचला आणि म्हणू लागले मामा तलाव. मामा कुठला न् काय.

जानेवारी चौदामध्ये मी गुंजनला फोन करून माझं नाव द्यायला लावलं. ती इतकी खूश झाली की मला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. क्षणभरच. त्या रविवारी नागपूरचे काही प्राध्यापक येणार होते, हे मी आधी विचारून घेतलं होतं.

मला स्टेशनवर बघून सेवकराम धावतच आला. "सर! तुमी आले! आता मी कायले बोलू जी, तुमीच सांगा आज."

"नाही, नाही. तुझं चालू दे. मी ऐकायला आलोय."

खरोखर ऐकायला आलो होतो. पहिले दोन तास मी एक शब्द बोललो नाही. त्याच्या लहानसहान चुका मी मनात टिपत गेलो. पण एक कबूल करतो. त्या छाटलेल्या कोपऱ्यापुढून मी चाळीस वर्षं गेलो होतो आणि ते ओरखडे मी कधी पाहिले नव्हते. मीही वाकून बोट फिरवलं. कोणी बघत नाही ना, ते आधी पाहिलं.

तलावाच्या पाळीवर आलो तेव्हा थंडी सरली होती. गंजका बोर्ड तिथंच होता, 'मा. मा. तलाव'. सेवकराम त्याच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"हा मामा तलाव. कोनाचा मामा?" असं विचारून तो थांबला, मग सांगू लागला. "या गावात एक पोरगी लगन होऊन आली. लगनात पोरीले मंडपात मामाच नेते ना? हिचा मामा पोचलाच नाई. नदीले पूर होता. दुसऱ्याच मानसानं नेलं तिले. पूर ओसरल्यावर मामा आला. म्हने, माय, मी चुकलो, आता तुले का पायजे थे माग. पोरगी म्हने, मामा, सोनं नोको. या गावात पानी बहुत दूर आहे. मंग मामा परत गेलाच नाई. मानसं लावले, आठ मयने खोदलं. तरा भरला त्या दिवसी भाचीचा हात धरून तिले पारीवर आनलं. मंडपात नेता नाई आलं, तं इथं आनलं."

नागपूरच्या एका बाईनं चष्मा काढून पुसला. बोलता बोलता सेवकरामचा उजवा हात वर झाला, बोट कुठंतरी दाखवायला निघालं.

"एक मिनिट," मी म्हणालो.

आणि मी सांगितलं. मा म्हणजे माजी, मा म्हणजे मालगुजारी. कायदा, कागद, कारकून, सगळं. आवाज वर्गात लागायचा तसा लागला. शेवटी म्हणालो, "तेव्हा मामा वगैरे काही नाही. अशा गावगप्पांना इतिहास म्हणू नये."

एक तरुण प्राध्यापक हसून म्हणाला, "म्हणजे काका, आम्हाला मामा बनवलंत तुम्ही!" सगळे हसले. चष्मा पुसणारी बाईही हसली. मी सगळ्यात जास्त हसलो.

सेवकरामचा हात खाली आला. तो बोर्डाकडं वळला, दोन्ही 'मा' त्यानं नीट पाहिले. "सर सांगून राहिले म्हंजे बराबरच असन," म्हणाला. मग सगळ्यांना हात जोडले आणि पाळ उतरू लागला. दोन प्राध्यापकांनी माझा फोन नंबर घेतला. गेल्या चार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गुंजन मला स्कुटीवरून घरी सोडायला निघाली. वाटेत तिनं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"सर, नाराज मत होना. पण एक मिनिट थांबला असता ना तुम्ही."

"थांबून काय झालं असतं?"

"शेवटचं राहिलं त्यांचं. हर बार बोलतात." तिनं सेवकरामचा आवाज काढला, पण ती चेष्टा नव्हती. "'हे माहं नाई बापा. हे मले रहांगडाले सरायनं सांगतलं, नव्व्याण्णव साली. कागद पाहल्याबिगर थे सर बोलत नाई. थे निरी टाकी दिसते का तिकडं? थे सरायचं घर. माह्या सरायले हात करा सगरे.' और सब लोग हात करते हैं, सर. दो साल से. तुम्ही गच्चीवर कधी दिसला नाहीत."

निरी टाकी. आमच्या गच्चीवरची निळी टाकी, जिच्यामागं मी खाली बसत होतो.

"मी कधी सांगितलं हे?" मी विचारलं.

"सर, पूछा तो मैंने ही था. सहलीत. 'सर, कोणाचा मामा?'"

तेव्हा आठवलं. चप्पल तुटण्याच्या आधीचं सगळं आठवलं. दोन वेण्यांची पोर, चाळीस मुलं, मागं डबे लटकवलेली सायकल धरून सेवकराम. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या गावात मामा तलाव होता, शेजारच्या गावात होता. इतक्या गावांना एकच मामा कसा, हा प्रश्न इतिहासाच्या मास्तराला कधी पडला नव्हता. 'माहीत नाही' हे शब्द मी वर्गात कधी उच्चारले नव्हते. त्या मे महिन्यात माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न झालं होतं. मी निकालाची कामं सांगून गेलो नव्हतो. मंडपात माझ्या जागी कोणी चुलतमामा उभा राहिला. ते कुठंतरी डोक्यात असणार. तोंड उघडलं आणि गोष्ट आपोआप येत गेली. मामा मीच बनवला होता, आणि दोन हजार चारला खरं वाचलं तेव्हा ही गोष्ट आपण कोणाला सांगितली होती, हे माझ्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लाईनपलीकडच्या वस्तीत सेवकरामकडं गेलो. तो ओसरीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होता. पानभर एकच ओळ, 'माजी मालगुजारी, माजी मालगुजारी'. पाठ करत होता. त्याच्या बायकोनं, रुक्माबाईनं, मला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला गेली.

"बरं झालं जी सर, तुमी सांगतलं," तो म्हणाला. "दोन वर्सं लोकायले गलत सांगून राहिलो होतो."

"सेवक, ती गोष्ट मी सांगितली होती तुला."

"हो जी."

"ती मी बनवली होती. तिथंच, उभ्या उभ्या."

त्यानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मग पंधरा माणसांना विचारतो तसंच, अगदी तशाच आवाजात विचारलं, "काऊन?"

"मला माहीत नव्हतं म्हणून."

त्यानं वही मिटली. "मंग माहीत नाई म्हनाचं होतं जी. पोट्टे का मारत होते?"

आतून रुक्माबाईच्या हसण्याचा आवाज आला. मीही हसल्यासारखं केलं. मग म्हणालो, "तू गोष्ट तशीच सांगत जा. लोकांना आवडते."

"नाई जी. तुमचं नाव घेऊन सांगत होतो मी थे. आता गलत आहे मालूम झालं. गलत गोष्टीले तुमचं नाव कसं लावू?"

इथं मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण गुंजननं खरं लिहा म्हटलं आहे. मी म्हणालो, "मग जे खरं आहे त्याला लाव."

त्यानं मनापासून विचार केला. मला बरं वाटेल असं काही सापडतं का, ते तो शोधत होता, हे मला दिसत होतं. शेवटी मान हलवली. "माजी मालगुजारी तं बोर्डावरचीच गोष्ट होय सर. कोनीबी वाचन. त्याच्यात तुमचं नाव कायले?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. मी चहा प्यायलो आणि निघालो.

सेवकरामचं फिरवणं चालूच आहे. अजूनही पंधराच माणसं, अजूनही आधी नाव द्यावं लागतं. निर्मला आणखी दोनदा जाऊन आली. ती म्हणते, आता तो पाळीवर मालगुजारीचं सांगतो. पाणी कोणाच्या बांधीला आधी जायचं, कोणाच्या बांधीला शेवटी, आणि काऊन. फार छान सांगतो म्हणते. मी फाईल काढून माझं मालगुजारीचं प्रकरण पुन्हा वाचलं. बावीस पानं आहेत. पाणी कोणाला शेवटी मिळायचं, ते त्यात नाही. म्हणजे तेही त्याच्याकडं गेलं.

रविवारी मी अजून गच्चीवर जातो. आता टाकीमागं बसत नाही, पुढं उभा राहतो, धुतलेला सदरा घालून. या रविवारीही नवाच्या सुमाराला ते पाळीवर आले. सेवकरामनं बोर्डाकडं हात केला, मग खाली बांध्यांकडं, मग पाण्याकडं. माणसं पाण्याकडं बघत होती. मी हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरला. मग ते सगळे पाळ उतरून चहाला गेले.